नमुना सतरा

मंगळवार-गुरुवार, संध्याकाळी सहा ते नऊ.
रॉदरहॅमच्या कॉलेजात, सायकलींच्या छपरामागची खोली.
आम्ही सातजण, खरं तर एकेक नमुनाच:
रात्रपाळीला फोर्कलिफ्ट चालवणारा येमेनी नाजी,
नवऱ्याशी अबोला धरून त्याचाच कारखाना चालवणारी ग्राझिना,
बोल्ट विकणारा एक वेल्श माणूस, ज्याचं नाव
मला शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही.
आणि मी, गडहिंग्लजच्या लोहाराची मुलगी,
फी कंपनीने भरलेली.

हॅल्डिनसर पहिल्याच दिवशी म्हणाले,
धातू बघायचा तर आधी घासायला शिका.
दोनशे चाळीसचा कागद, मग चारशे, सहाशे, बाराशे.
दर कागदाला नमुना काटकोनात वळवायचा,
मागचे ओरखडे पुसले जाईपर्यंत.
तीन आठवडे मला भिंगाखाली
फक्त माझेच ओरखडे दिसले.

मग नायटल. कापसाचा बोळा, चार सेकंद.
श्वास लागल्यावर आरसा मंदावतो तसा पृष्ठभाग.
नळाखाली धरा, अल्कोहोल, गरम हवा.
आणि त्या दिवशी एकदम शिवारच उघडलं:
फेराइटची पांढरी पडीक रानं,
मध्येमध्ये पर्लाइटची नांगरट,
प्रत्येक वावराची तासं निराळ्या दिशेला,
आणि बांध इतके बारीक
की भाऊबंदकीलाही जागा नाही.

क्वेंच या शब्दापुढे मी वहीत लिहिलं: पाणी.
आमच्याकडे तापलेलं पातं विझवत नाहीत,
त्याला पाणी पाजतात.
जास्त झालं तर काच, कमी झालं तर ऊस हसतो.
सरांनी विचारलं, वडिलांना तापमान कसं कळायचं?
म्हटलं, रंगावरून. दुसऱ्यांदा तापवताना
आधी गव्हाळ, मग गुळासारखा,
मग वांग्याच्या सालीचा. वांगं दिसलं की थांबायचं.
त्यांनी फळ्यावर लिहिलं
दोनशे तीस, दोनशे पंचावन्न, दोनशे ऐंशी,
आणि पुढे गहू, गूळ, वांगं.
गूळ म्हणजे काय, ते मधल्या सुट्टीत सांगायचं राहून गेलं.

नमुना सतरा आला शेवटच्या महिन्यात.
मनगटाएवढा शाफ्ट, मोडलेला. कारण शोधा.
मोडलेल्या तोंडावर रेषा,
ओहोटीने वाळूत ठेवून जाव्यात तशा, एकीच्या आत एक.
याला थकवा म्हणतात. मोठ्या ओझ्याने येत नाही,
तेच ओझं रोज उचलल्याने येतो.
नाजी म्हणाला, हे कळायला भिंग कशाला?
रेषा मोजत मागे मागे गेलो.
सगळ्या एका काठाशी जाऊन मिटत होत्या.
तिथे खाच. भिंग वाढवलं तशी
खाचेची अक्षरं झाली:
तपासनिसाने पंचने ठोकलेला शिक्का, 'पास',
आणि खाली डी. एच.

हीटर टकटकत होता.
सर म्हणाले, एकोणीस वर्षांचा होतो.
हातोडी जरा जोरात मारायचो,
शिक्का स्पष्ट उठला पाहिजे म्हणून.
ग्राझिनाने विचारलं, कुणी...?
रविवार होता, ते म्हणाले. क्रेनखाली कुणी नव्हतं.
आणि स्वच्छ असलेलं भिंग
पुसत राहिले.

सकाळी अण्णांना फोन लावला.
विळ्यावर तुम्ही नाव का नाही कधी घातलं?
नावाने कापतंय होय? म्हणाले,
आणि भाता थंड होतोय म्हणून फोन ठेवला.

परीक्षेत आपापल्या नमुन्यावर
पंचने नंबर उठवायचा होता.
मी हातोडी उचलली, परत ठेवली,
चिठ्ठीवर नंबर लिहून ती दोऱ्याने बांधली.
नियमाप्रमाणे सरांनी एक गुण कापला.
गाठ मात्र सोडली नाही.